नाल्याचा नकाशा आणि स्वयंअध्ययनाचे जाळे : प्रकल्प नोंदी

२ मे २०२५

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली आणि शाळेला सुट्टी लागली, तेव्हा प्रकल्पाचा हेतू आजच स्पष्ट शब्दांत लिहून ठेवते. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवताना पाणलोट क्षेत्राची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात वसलेल्या आमच्या गावाचे पाणलोट क्षेत्र नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे दाखवणारा नकाशा आमच्या शाळेत नाही. तो नकाशा स्वतः तयार करायचा आणि त्यासाठी लागणारे सगळे शिक्षण इंटरनेटवरील मोफत साधनांतून व तेथे भेटणाऱ्या जाणकारांकडून मिळवायचे, असे ठरवले आहे. नकाशा तयार होईलच; या वहीत मात्र नोंदी ठेवायच्या आहेत त्या शिकण्याच्या. कोणते साधन कोणत्या कामाला आले, कोणी काय सांगितले आणि सांगितलेले पडताळून कसे पाहिले, एवढे नियमाने लिहायचे.

प्रश्न मुद्दाम अरुंद ठेवला आहे : गावाच्या उत्तरेकडून येणाऱ्या नाल्यात कोणकोणत्या शिवाराचे पाणी उतरते? ‘भूजलशास्त्र शिकायचे’ असा संकल्प केला, तर माणूस पाठांच्या याद्या करण्यातच गुंतून पडतो, असे मी आमच्या शिक्षक मंडळीत वारंवार पाहिले आहे.

९ मे २०२५

सुरुवात वाचनाने केली. केंद्रीय भूजल मंडळाचे जळगाव जिल्ह्यावरील अहवाल संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि आमच्या भागाचे चित्र त्यांतून एकदम स्पष्ट झाले. सातपुड्यावरून उतरणाऱ्या ओढ्यांनी पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि मातीचा जो पट्टा आणून टाकला आहे, त्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांच्या उत्तरेला हा पट्टा पसरलेला आहे, आणि पाणी भराभर जिरवून घेणे हा त्याचा मोठा गुण आहे. त्याच्या दक्षिणेला तापीचा जाड गाळ लागतो, ज्यात चिकणमातीचे थर मधूनमधून येतात. आमचे गाव या दोहोंच्या सीमेवर आहे. म्हणजे नाल्याचा नकाशा काढणे हे पावसाचे पाणी कोठे जिरते याच्या शोधाचे पहिले पाऊल आहे, ही जाणीव वाचनाच्या पहिल्याच टप्प्यावर झाली.

विकिपीडिया वापरण्याची एक पद्धत येथे नोंदवते, कारण ती पुढेही उपयोगी पडणार आहे. लेख वाचून थांबायचे नाही. लेखाच्या तळाशी असलेल्या संदर्भांच्या यादीपासून खरे वाचन सुरू करायचे. तापी नदीवरील लेखात तिची लांबी ७२४ किलोमीटर दिली आहे, तर तो आकडा कोणत्या स्रोतातून आला हे पाहायचे, तो स्रोत उघडायचा आणि मगच आकडा आपल्या वहीत घ्यायचा. असे मिळालेले सगळे स्रोत झोटेरो या मोफत संदर्भव्यवस्थापकात साठवत आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली तयार झालेले हे साधन मुख्यतः संशोधक वापरतात, पण शाळेतील शिक्षकाला त्याची गरज कमी आहे असे मुळीच नाही. प्रत्येक स्रोताखाली ‘यातून मला काय कळले’ हे दोन-तीन ओळींत मराठीत लिहिल्याशिवाय तो स्रोत बंद करायचा नाही, एवढी एक शिस्त स्वतःला लावून घेतली आहे.

१७ मे २०२५

आपण करतो आहोत त्याला शिक्षणशास्त्रात काही आधार आहे का, हे आज शोधले. कॅनडातील जॉर्ज सीमेन्स यांनी २००५ साली मांडलेला विचार असा की, आजच्या काळात ज्ञान हे माणसे, ग्रंथ, माहितीसाठे आणि यंत्रे यांच्या जाळ्यात विखुरलेले असते, आणि शिकणे म्हणजे या जाळ्यात आपले दुवे जोडणे, वाढवणे व राखणे. सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ साली मॅनिटोबा विद्यापीठातून याच विषयावर एक अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५ होते, आणि मोफत सहभागी झालेले जगभरातील लोक दोन हजारांहून अधिक होते. आज ज्यांना आपण ‘मूक’ (एमओओसी, म्हणजे सर्वांना खुले असलेले मोठ्या प्रमाणावरचे ऑनलाइन) अभ्यासक्रम म्हणतो, त्यांचे हे नाव तेथून सुरू होते.

स्वयंअध्ययनाविषयी लिहिणारे हॅरॉल्ड जार्शे यांची मांडणी मला अधिक जवळची वाटली. शोधणे, अर्थ लावणे आणि वाटणे अशा तीन क्रिया ते सांगतात. आपल्याकडे पहिली क्रिया अमाप चालते आणि तिसरी त्याहूनही जास्त, कारण आलेला संदेश पुढे पाठवणे हेच वाटणे समजले जाते. मधली क्रिया, म्हणजे मिळालेल्या गोष्टीचा स्वतःच्या प्रश्नाशी ताळमेळ घालणे, हीच खरे तर अभ्यासाची आहे, आणि वेळही तिलाच सर्वांत जास्त लागतो. या प्रकल्पाच्या वेळापत्रकात अर्ध्याहून अधिक वेळ मी तिच्यासाठी राखून ठेवणार आहे.

आज आरएसएस वाचकही, म्हणजे संकेतस्थळांवरील नवे लिखाण आपोआप गोळा करणारे साधन, बसवून घेतला. गूगलने ‘रीडर’ हा आपला असा वाचक १ जुलै २०१३ रोजी बंद केला, तेव्हापासून हे तंत्र लोकांच्या विस्मृतीत गेले असले, तरी ते चालू आहे. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही अशी फीड असते. निवडलेल्या स्रोतांचे नवे लिखाण आणि नव्या चित्रफिती एका यादीत, आल्या त्या क्रमाने दिसतात. आपल्यासमोर काय यावे हे एखाद्या कंपनीच्या गणिताने ठरवण्यापेक्षा आपण ठरवावे, हे शिकणाऱ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

२८ मे २०२५

स्वयम् या केंद्र शासनाच्या मंचावरील दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांचे पाठ पाहत आहे. ज्या एनपीटीईएल या ऑनलाइन पाठांच्या उपक्रमातून यांतील बरेच पाठ आले, तो सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केला. पाठ ऐकणे मोफत आहे. शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर.

दुपारी वीज जाते आणि संध्याकाळी टॉवरवर ताण असतो, म्हणून पहाटे उठून चित्रफिती उतरवून घेते आणि दिवसा इंटरनेटविना पाहते. पाठ सलग पाहण्यापेक्षा मध्येच थांबवून ‘पुढे काय सांगतील’ याचा अंदाज वहीत लिहायचा आणि मग पुढे ऐकायचे, या रीतीने लक्ष टिकते. पाठ कसलेल्या प्राध्यापकांचे असले तरी उदाहरणे हिमालयातील किंवा समुद्रकिनाऱ्याची असतात; त्यांच्या जागी काळ्या जमिनीचा, केळीच्या बागांचा आणि कोरड्या नाल्यांचा प्रदेश ठेवून पाहणे हे काम शिकणाऱ्यालाच करावे लागते.

८ जून २०२५

प्रत्यक्ष नकाशाचे काम सुरू झाले. क्यूजीआयएस ही २००२ साली सुरू झालेली, नकाशे तयार करण्याची मुक्त संगणक प्रणाली बसवली. उंचीची माहिती अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून घेतली. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली होती, आणि आज तीच माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकटींत कोणालाही विनामूल्य मिळते. तालुक्याच्या शाळेत बसून सातपुड्याच्या प्रत्येक उताराची उंची हाताशी येते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

पहिली अडचण लगेच आली. उताराचा नकाशा काढला, तर शिवारातील सपाट जमीनसुद्धा जवळजवळ ९० अंशांच्या कड्यासारखी दिसू लागली. एका प्रश्नोत्तराच्या संकेतस्थळावर, जेथे जगभरातील नकाशाकार एकमेकांना मदत करतात, तेथे विचारायचे ठरवले. विचारण्याआधी तेथील जुने प्रश्न वाचले आणि उत्तर मिळालेल्या प्रश्नांची ठेवण कशी असते ते पाहिले. प्रणालीची आवृत्ती, माहितीचा स्रोत, केलेल्या कृती क्रमाने, अपेक्षित काय होते आणि दिसले काय, सोबत पडद्याचे चित्र, एवढे सगळे त्या प्रश्नांत असते. माझा प्रश्न याच ठेवणीत लिहिला. इंग्रजी साधे ठेवले, वाक्ये लहान ठेवली. लिहिता लिहिताच संशयाची जागा बरीच अरुंद झाली, कारण नीट विचारण्यासाठी आपण काय केले हे आधी स्वतःला नीट सांगावे लागते.

११ जून २०२५

उत्तर आले. मूळ माहितीत आडवे अंतर अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असते आणि उंची मीटरमध्ये, त्यामुळे प्रणाली अंशाला मीटर समजून उतार काढते आणि तो अवाच्या सव्वा येतो. उपाय असा की, आधी सगळी माहिती मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) बदलून घ्यावी. आपला भाग ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात येत असल्याने यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा विभाग लागू पडतो. तसे केल्यावर बझाडा पट्ट्याचा सौम्य उतार आणि त्यामागची डोंगराची कड स्वच्छ दिसू लागली.

उत्तर देणाऱ्याने केवळ उपाय न सांगता कारणही सांगितले होते. मी आभार मानले, उत्तर स्वीकारले अशी खूण केली आणि खाली लिहिले की, आपल्या भागासाठी कोणता विभाग घ्यावा हे मी कसे ठरवले. पुढे कोणा जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या माणसाला हीच अडचण आली, तर त्याला ती ओळ सापडेल.

२९ जून २०२५

शाळा सुरू झाल्याने वेळ कमी मिळतो. संज्ञा आणि कृतींचा क्रम विसरू नये म्हणून अंकी या मोफत साधनात प्रश्नपत्ते केले आहेत. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वाढत्या अंतराने उजळणी करण्याच्या पद्धतीची मुळे त्यात आहेत. एसटीने शाळेत जाता-येता उजळणी होते. दुसऱ्याने तयार केलेले पत्ते घेऊन पाहिले, पण ते मनात ठसत नाहीत. पत्ता स्वतः लिहिण्यातच निम्मे पाठांतर होते.

१३ जुलै २०२५

व्हॉट्सअॅपच्या गटांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे ऑनलाइन शिकणे म्हटले की प्रथम गटच काढला जातो. शिक्षकांच्या एका गटात मी पाणलोटाविषयी विचारले, तर शुभेच्छांची चित्रे, शासकीय परिपत्रके आणि वाढदिवस यांच्या ओघात तो प्रश्न तासाभरात वर निघून गेला. गटातील माणसांत ज्ञान नाही असे नाही. मांडणीच अशी आहे की प्रश्न आणि उत्तर एकमेकांना बांधलेले राहत नाहीत, आणि नव्याने आलेल्याला मागचे काही दिसत नाही. २०१८ साली भारतात एका वेळी पाचच व्यक्तींना किंवा गटांना संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली, तिने अफवांचा वेग कमी झाला असेल. गटातील ज्ञान साठवण्याचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.

तरीही गट सोडला नाही, त्याचा उपयोग बदलला. गटात विषय विचारण्याऐवजी माणूस विचारायचा : ‘क्यूजीआयएस वापरणारे कोणी आपल्या जिल्ह्यात आहे का?’ या एका ओळीला दुसऱ्या दिवशीच फळ आले. विद्यापीठात भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले एक सहकारी पारोळ्याहून बोलले आणि आता आठवड्यातून एकदा आम्ही पडदा सामायिक करून सोबत काम करतो. वयाने माझ्याहून लहान असल्याने ते मला ताई म्हणतात आणि शिकवताना मात्र जराही सूट देत नाहीत, याचे मला फार समाधान आहे.

टेलिग्रामवर आम्ही चौघांचा लहान गट केला आहे. तेथे मागचा सगळा मजकूर नव्या सदस्यालाही दाखवता येतो आणि विषयवार शोधता येतो. नियम दोनच ठेवले आहेत : प्रश्नासोबत स्वतः केलेले काम जोडायचे, आणि मिळालेल्या दुव्याबरोबर तो आपण वाचला आहे की नाही हे लिहायचे.

५ ऑगस्ट २०२५

कानबाई या खानदेशातील देवीच्या उत्सवासाठी सगळे भाऊबंद गावात जमले होते. काल विसर्जन झाल्यावर नाल्याचा छापलेला नकाशा ओट्यावर पसरला. संगणकाने उंचीवरून काढलेली नाल्याची रेघ त्यावर निळ्या रंगात होती. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर स्पष्टतेच्या चित्रावरून हाताने काढलेली रेघ लाल रंगात होती. डोंगराच्या बाजूला दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. गावाच्या उत्तरेला मात्र, जेथे जमीन सपाट होत जाते, तेथे निळी रेघ लालपासून फुटून केळीच्या बागांमधून सरळ दक्षिणेला जाते.

या फरकाचे पुस्तकी कारण मला ठाऊक होते. सपाट गाळाच्या जमिनीत उंचीतील फरक मोजमापाच्या चुकभुलीपेक्षा कमी असतो, रडारला झाडांचे शेंडेही जमिनीसारखे लागतात, आणि म्हणून रेघ भरकटते. इस्रोच्या भुवन मंचावरून कार्टोसॅट उपग्रहाची उंची घेऊन ताडून पाहिले, तर त्यातही रेघ जवळपास तेथूनच गेली. दोन स्वतंत्र मोजण्या एकाच जागी जात असतील, तर ती केवळ भरकट मानता येत नाही. येथपर्यंत जाळ्याने आणून सोडले आणि पुढचे उत्तर जाळ्यात नव्हते.

आमच्या वडीलधाऱ्या आबांनी चष्मा लावून नकाशा स्वतःकडे फिरवला, देऊळ आणि पांढरी कोठे आहे ते विचारून घेतले, आणि निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “हाऊ नाला पहिले आठून जाये.” (हा नाला पूर्वी येथून जायचा.) त्यांच्या लहानपणी मोठ्या पुरानंतर गावकऱ्यांनी वर बांध घालून नाला पूर्वेकडे वळवला, जुने पात्र हळूहळू शेतात मिसळले, पण खोलगट भाग राहिला आहे आणि जोराच्या पावसात पाणी अजून तेथेच साचते. त्या पट्ट्यातील विहिरींना उन्हाळ्यात इतरांपेक्षा जास्त दिवस पाणी टिकते, हेही त्यांनीच सांगितले. उपग्रहाला खोलगट जमीन दिसली होती, तिचा इतिहास आबांना माहीत होता.

आबांचे बोलणे परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि झोटेरोत अहवालांच्या शेजारी स्रोत म्हणून नोंदवले. स्वयंअध्ययनाच्या जाळ्यात ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नाही अशी माणसेही असली पाहिजेत, आणि त्यांचा मान इतर कोणत्याही स्रोताइतकाच असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

१७ ऑगस्ट २०२५

ओपनस्ट्रीटमॅपवर गावाचा नाला काढला. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा जगाचा मुक्त नकाशा स्वयंसेवक भरतात, आणि आमच्या शिवाराचा भाग त्यात जवळजवळ कोरा होता. वॉटरवे (जलमार्ग) या खुणेला स्ट्रीम (ओढा) आणि इंटरमिटंटला (हंगामी) येस अशी मूल्ये दिली, कारण आमचा नाला पावसाळ्यापुरताच वाहतो. नाव मराठीत देवनागरीत लिहिले.

बदल प्रसिद्ध केल्यावर एका अनोळखी स्वयंसेवकाने स्रोत कोणता, अशी विनम्र पृच्छा केली. गूगलच्या नकाशावरून पाहून काढलेले काही तेथे चालत नाही, कारण त्या नकाशाचे हक्क कंपनीकडे आहेत. उपग्रहचित्र कोणते वापरले आणि प्रत्यक्ष पाहणी कोठे केली हे मी कळवले. त्यांनी त्यावर आणखी सुचवले की, नाल्याची रेघ ज्या दिशेने पाणी वाहते त्याच दिशेने काढलेली असावी लागते. ती तपासून घेतली. शाळेच्या तपासणीत असे बारीक प्रश्न क्वचित विचारले जातात. परका माणूस आपल्या गावच्या नाल्याकडे इतक्या काळजीने पाहतो, ही या जाळ्याची मला दिसलेली सर्वांत चांगली बाजू आहे.

७ सप्टेंबर २०२५

संवाद करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही वापरून पाहत आहे. इंग्रजी अहवालातील अवघड परिच्छेद सोपा करून घेणे किंवा आज्ञावलीतील एखादी ओळ समजून घेणे यांसाठी ती फार उपयोगी आहेत. स्थानिक आकडे मात्र त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत असे आमच्या चौघांच्या गटात ठरले आहे. विहिरीची पातळी, नाल्याची लांबी, गावाचे क्षेत्रफळ हे मूळ अहवालातून किंवा आपल्या मोजणीतूनच येईल.

५ ऑक्टोबर २०२५

आतापर्यंतचे काम मराठीत लिहून काढले. उंचीची माहिती कोठून आणि कशी घ्यायची, प्रक्षेपण का बदलायचे, उंचीच्या माहितीतील खड्डे भरून प्रवाहाची दिशा आणि साठा कसा काढायचा, ही प्रत्येक कृती खानदेशातीलच उदाहरणाने सांगितली आहे. या पायऱ्या मी प्रामुख्याने उजवल गांधी यांच्या मोफत इंग्रजी पाठांवरून शिकले, आणि तसा स्पष्ट उल्लेख सुरुवातीलाच केला आहे. पारोळ्याच्या सहकाऱ्यांनी लिखाण वाचून दोन ठिकाणी प्रश्नचिन्हे केली. दोन्ही जागी मी पायरी गाळून पुढे गेले होते, कारण मला ती आता सवयीची झाली होती. ज्याला नुकतेच समजले आहे त्याने लगेच लिहावे. थोडे उशिरा लिहिले की नवशिक्याला कोठे अडते हे त्याला दिसेनासे होते.

नववीच्या काही मुलींनी आपापल्या गावांचे पाणलोट काढायला घेतले आहे. त्यांना लिखाण दिले, पण प्रश्न त्यांचा त्यांनीच ठरवला. एकीला आपल्या वस्तीवरचा हातपंप मार्चमध्येच का आटतो हे शोधायचे आहे. तिच्या प्रश्नाला नाल्याचा नकाशा पुरणार नाही, खडकाचा थरही पाहावा लागेल, म्हणून मीसुद्धा तिच्याबरोबर वाचते आहे.

१२ ऑक्टोबर २०२५

नकाशाची छापील प्रत ग्रामपंचायतीला दिली. संगणकीय प्रत सर्वांना वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली ठेवली. जुन्या पात्राची रेघ त्यावर तुटक दाखवली असून ‘गावकऱ्यांच्या माहितीनुसार’ असा शेरा दिला आहे.

दिवाळीनंतरचे काम ठरले आहे. जुन्या पात्रालगतच्या आणि त्यापासून दूरच्या विहिरींतील पाण्याची पातळी दर महिन्याला एकाच दिवशी मोजायची, आणि आबांनी सांगितलेला फरक आकड्यांत दिसतो का ते पुढच्या आखाजीपर्यंत पाहायचे. मोजणीची पद्धत शिकण्यासाठी राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहिरींविषयीची माहिती आणि पुण्याच्या अॅक्वाडॅम संस्थेचे अहवाल वाचायला घेतले आहेत. टेप, खडू आणि नोंदवही शाळेत आहे. दोन विहिरींच्या मालकांची परवानगी मिळाली आहे, तिसऱ्यांना उद्या भेटायचे आहे.